तिघांची होडी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील एक पुष्प गुंफण्याचा मान कार्यकारिणीने मला दिला, याबद्दल मी तिचा ऋणी आहे. या व्यासपीठावरून गेल्या पन्नास वर्षांत संतवाङ्मयावर, नाट्यसंगीतावर आणि इतिहासावर विद्वानांची भाषणे झाली. मी पडलो केंद्र सरकारचा नोकर. शिक्षण बी. ए. पर्यंतचे आणि उमेदीची सारी वर्षे फायलींच्या सहवासात गेलेली. तेव्हा विद्वत्तेचा आव न आणता एक साधा, व्यवहारातला विषय आपल्यापुढे मांडावा असे मी ठरविले. तिघांनी मिळून निर्जन अरण्यात होडीने प्रवास करावयाचा असेल, तर होडी कोणती निवडावी, हा तो विषय.

विषय ऐकून काहींच्या चेहऱ्यावर स्मित उमटले आहे, ते साहजिकच आहे. या नर्मदाकाठच्या गावात राहून आपल्याला अरण्यातल्या होडीचे काय प्रयोजन? परंतु जरा आपल्या घरांकडे पाहा. आपल्यापैकी कितीतरी जणांची मुलेमुली आज अमेरिकेत अथवा कॅनडात स्थायिक झाली आहेत. उन्हाळ्यात आपण दोन-चार महिने त्यांच्याकडे जाऊन राहतो. तेथील तरुण मंडळींना होडीतून अरण्यप्रवास करण्याची मोठी हौस असते, आणि ती मुले प्रेमाने म्हणतात, "बाबा, या वेळी तुम्हीही चला." जाणारी माणसे अशा वेळी पुष्कळदा तीन असतात : मुलगी, जावई आणि आपण. होडी मात्र बहुधा दोघांसाठी बांधलेली असते. मग तिसऱ्याने कोठे बसावयाचे? तो तिसरा बहुतेक वेळा आपणच असतो, आणि म्हणून या प्रश्नाचे उत्तर आपल्याला ठाऊक असलेले बरे.

दोन वर्षांपूर्वी, कार्यालयाचे नाहरकत प्रमाणपत्र यथासांग मिळवून, मी आणि सौ. मुलीकडे मिनेसोटा राज्यात गेलो होतो. त्या वेळी अशा प्रवासाचा योग मला आला. सौ.ने नातवाजवळ राहणे पसंत केले. आम्ही तिघे निघालो. त्या निमित्ताने जे पाहिले, विचारले आणि नंतर वाचले, त्याचे सार आज सांगतो.

प्रथम ही होडी म्हणजे काय ते पाहू. तिला तिकडे 'कनू' म्हणतात. हा शब्द मूळचा कॅरिबियन बेटांवरील लोकांचा. तो कोलंबसाच्या काळात स्पॅनिश भाषेत गेला आणि तेथून युरोपभर पसरला. कनू ही दोन्ही टोकांना निमुळती, उघडी आणि अरुंद होडी असते. आपल्याकडे नावाडी पाठमोरा बसून, काठाला अडकविलेली वल्ही ओढतो. कनूत बसणारा तोंड पुढे करून बसतो आणि एकाच पात्याचे सुटे वल्हे हातात धरून पाणी मागे लोटतो. कोकणातील होडीला तोल राहावा म्हणून बाजूला उलांडी बांधलेली असते. कनूला तसला कोणताच आधार नाही. तिचा तोल म्हणजे आत बसणाऱ्यांचा तोल.

अशी होडी त्या प्रदेशात का निर्माण झाली, हे तेथील भूमी पाहिल्यावर ध्यानात येते. मिनेसोटाच्या उत्तर सीमेवर 'बाउंडरी वॉटर्स' नावाचे संरक्षित अरण्य आहे. त्याचा विस्तार दहा लाख एकरांहून अधिक, आणि त्यात अकराशेहून अधिक तलाव आहेत. सीमेपलीकडे कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात त्याला लागूनच क्वेटिको हे दुसरे अरण्य आहे. या तलावांमध्ये जमिनीचे लहानमोठे पट्टे आहेत. एक तलाव ओलांडला की होडी पाण्याबाहेर काढावयाची, उलटी करून खांद्यावर घ्यावयाची, सामान पाठीवर टाकावयाचे आणि पायवाटेने पुढच्या तलावाशी पोहोचावयाचे. या पायवाटेला आणि या वाहून नेण्याला 'पोर्टेज' म्हणतात. तिचे अंतर तिकडे 'रॉड' या जुन्या मापाने मोजतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, म्हणजे जवळजवळ एका होडीची लांबी. तात्पर्य, ही होडी जितकी माणसाला वाहून नेते, तितकीच माणसाने तिला वाहून न्यावयाची असते.

म्हणूनच तेथील आदिवासी जमातींनी, ओजिब्वे आणि अल्गॉन्क्विन लोकांनी, आपली होडी झाडाच्या सालीची केली. ती साल बर्च वृक्षाची. आपल्या हिमालयातील भूर्जवृक्ष हा त्याच कुळातला. आपल्या पूर्वजांनी भूर्जपत्रावर ग्रंथ लिहिले; त्या लोकांनी त्याच्या भाऊबंदाच्या सालीतून नौका घडविल्या. आत सीडर लाकडाच्या फासळ्या, शिवण स्प्रूस वृक्षाच्या मुळांची, आणि सांधे बुजविण्यास त्याच वृक्षाचा डिंक. वाटेत होडी फाटली, तरी दुरुस्तीचे सर्व सामान काठावरच्या झाडांवर उपलब्ध असे.

पुढे अठराव्या शतकात केसाळ कातड्यांचा व्यापार करणाऱ्या कंपन्यांनी याच होड्या वापरल्या, आणि त्यांच्या व्यवहारात आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर दडलेले आहे. माँट्रियलहून सुपीरियर सरोवरापर्यंत येणारी त्यांची मोठी कनू सुमारे ३६ फूट लांब असे. सरोवरासारख्या विस्तीर्ण पाण्यावर ती उत्तम. परंतु सरोवराच्या पश्चिम काठावर ग्रँड पोर्टेज येथे आल्यावर ती तेथेच थांबत असे. तेथून पुढे साडेआठ मैलांची खांद्यावरची वाट, आणि त्यानंतर लहान नद्या व तलाव. म्हणून त्यापुढे सुमारे २५ फुटांची लहान कनू वापरीत. मालाचे गठ्ठे प्रत्येकी ९० पौंडांचे बांधलेले असत आणि एकेक गडी दोन-दोन गठ्ठे पाठीवर घेऊन चालत असे. पैशाला पैसा जोडणाऱ्या त्या व्यापाऱ्यांना मोठी होडी पुढे नेण्याचा मोह झाला नसेल काय? परंतु पाण्यावर जी सोयीची, ती जमिनीवर सोयीची असेलच असे नाही, हे त्यांना अनुभवाने कळले होते.

आता आधुनिक काळाकडे वळू. सालीनंतर लाकडी सांगाड्यावर कॅनव्हास ताणलेल्या होड्या आल्या. दिसावयास देखण्या, पण सतरा फुटांची अशी होडी ३५ किलोंच्या आसपास भरते आणि पाणी पिऊन आणखी जड होते. १९४४ साली विमाने बांधणाऱ्या ग्रमन कंपनीतील विल्यम हॉफमन नावाच्या अधिकाऱ्याला अशीच एक जड होडी अरण्यात वाहावी लागली. विमानाच्या पत्र्याची होडी का करू नये, असे त्याच्या मनात आले. युद्ध संपता संपता, १९४५ साली, अ‍ॅल्युमिनियमच्या कनू बाजारात आल्या. खडकावर आपटली तरी तिला पोचा पडतो, भोक पडत नाही. मात्र तिचा आवाज फार होतो, सकाळी ती हाताला बर्फासारखी लागते, आणि सतरा फुटी होडी ३० ते ३४ किलो भरते. त्यानंतर रॉयलेक्स नावाच्या, मध्ये फेस भरलेल्या प्लॅस्टिकच्या होड्या आल्या. त्या खडकाळ प्रवाहात फार टिकाऊ ठरल्या. त्या पदार्थाचे उत्पादन २०१४ साली थांबले, तरी जुन्या होड्या अजून वापरात आहेत. आणि शेवटी केव्हलार. १९६५ साली स्टेफनी क्वोलेक या विदुषीने शोधलेला हा धागा गोळीरोधक जाकिटात वापरतात, तसाच होडीतही वापरतात. केव्हलारची अठरा फुटी होडी २० किलोंच्या आसपास असते. ती महाग असते आणि नाजूकही. तिला काठावर ओढत आणता येत नाही. गुडघाभर पाण्यात उतरून, तरंगत असतानाच ती रिकामी करावी लागते.

आम्ही सरकारी मंडळी खरेदी करताना दोन लिफाफे मागवितो : एक तांत्रिक आणि एक किमतीचा. तांत्रिक लिफाफ्यात जो उतरला नाही, त्याची किंमत उघडून पाहावयाचीच नाही, असा दंडक आहे. होडीच्या बाबतीत हाच दंडक मी आपल्याला सुचवितो. भाडे किती, हा प्रश्न शेवटी विचारावा.

आम्ही ज्या दुकानातून होडी भाड्याने घेणार होतो, तेथील वयस्कर गृहस्थाने आम्हाला पहिला प्रश्न केला तो तिघांच्या वजनांचा. दुसरा, सामान किती. तिसरा प्रश्न मला विशेष वाटला : "होडी खांद्यावर कोण घेणार, आणि तो दमला तर दुसरा कोण?" जावई म्हणाले, "मी घेईन." दुसऱ्याचे नाव सांगताना मात्र क्षणभर शांतता पसरली. मग मुलगी म्हणाली, "वीस किलोपर्यंत मी घेईन." होडीची निवड त्या वाक्याने अर्धी होऊन गेली.

तिघांसाठी मार्ग तीन आहेत. पहिला, नेहमीची दोघांची १७ फुटी होडी घेऊन तिसऱ्याला मध्ये बसविणे. येथे माहितीपत्रकातील आकड्याने फसू नये. काही सतरा फुटी होड्यांची वहनक्षमता पाचशे किलोपर्यंत छापलेली असते. आता आपला हिशेब करा. तिघांची वजने ७८, ६६ आणि ५६, मिळून २०० किलो. पाच दिवसांचा कोरडा शिधा, माणशी रोज पाऊण किलो धरून, ११ किलो. तंबू, अंथरूण-पांघरूण, कपडे, भांडी, चूल, दोर मिळून ४५ किलो. एकूण २५६ किलो. म्हणजे कागदावर अर्धी होडी रिकामीच! आपल्या घाटावरचा नावाडी "आणखी दोघे बसतील" म्हणतो, त्यातलाच हा हिशेब. परंतु अडचण वजनाची नसते, जागेची असते. दोघांच्या होडीत मधली जागा सामानासाठी राखलेली असते. तेथे माणूस बसला की सामान एकावर एक रचावे लागते. भार उंच गेला की तोल ढळतो. मधल्या माणसाला पाय पसरता येत नाहीत, पाच तास अवघडून बसावे लागते, आणि अवघडलेला माणूस नेमका लाट आली असता हालचाल करतो. छापील आकडा होडी केव्हा बुडेल ते सांगतो. ती केव्हा निर्धास्तपणे चालेल, ते सांगत नाही. जुन्या जाणत्यांचा नियम असा की, माणसे व सामान चढविल्यावर पाण्यावर होडीचा काठ किमान सहा इंच उरला पाहिजे. हा किमान आकडा. वाऱ्याच्या दिवशी त्याहून अधिक असलेला बरा.

दुसरा मार्ग, खास तिघांसाठी बांधलेली साडेअठरा ते वीस फुटांची होडी. तिच्यात मधले आसन असते आणि सामानाला पुढे व मागे अशी दोन्हीकडे जागा राहते. लांब होडी सरळ चालते, तिघे वल्हवू लागले म्हणजे वेगही चांगला घेते. मात्र ती वळावयास सुस्त असते. नागमोडी ओढ्यात तिचे हाल होतात. केव्हलारची असेल तर ती २२ ते २५ किलोंत मिळते. अ‍ॅल्युमिनियमची तेवढी लांब होडी आमच्यासारख्यांनी खांद्यावर घेण्याचा विचारच सोडावा.

तिसरा मार्ग, एक दोघांची आणि एक एकट्याची अशा दोन होड्या. याचा मोठा गुण असा की, एक उलटली तर दुसरी मदतीला असते. उलटलेली होडी दुसरीच्या काठांवर आडवी ओढून रिकामी करण्याची एक रीत आहे, ती एकाच होडीला शक्य नाही. परंतु एकट्याच्या होडीत कोण बसणार? समोरून वारा सुटला की एकटा मागे पडतो, आणि जो सर्वांत कच्चा त्याला एकटे सोडणे म्हणजे अविचार. शिवाय पोर्टेजवर दोन होड्या आणि तीन पिशव्या, अशी पाच ओझी आणि माणसे तीन. सर्व ओझी एका खेपेत न्यावयाची नसतील, तर एका किलोमीटरच्या वाटेला तीन किलोमीटर चालावे लागते : एकदा ओझे घेऊन, एकदा रिकाम्या हाताने परत, पुन्हा ओझे घेऊन. तिघेही वल्हविण्यात मुरलेले असतील तरच हा मार्ग उत्तम. वडिलधारे कोणी बरोबर असेल, तर दुसरा मार्ग बरा. आम्हीही तोच घेतला.

होडीच्या तळाविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. सपाट तळाची होडी काठाशी उभी असताना फार स्थिर भासते. नवख्या माणसाला तीच आवडते. पण सपाट तळ लाटेच्या उताराबरोबर कलतो आणि एका मर्यादेनंतर एकदम उलटतो. किंचित गोलसर तळाची होडी प्रथम बसताना डगमगते, जीव घाबरतो. मात्र कलल्यावर ती सावरून धरते आणि लाटेत अधिक विश्वासाची ठरते. पहिल्या पाच मिनिटांच्या वाटण्यावर निर्णय करू नये, तो यासाठी.

मधल्या आसनाची परीक्षा स्वतः बसून करावी. ते पुढच्या-मागच्या आसनांहून खाली असावे. भार जितका खाली, तितका तोल पक्का. होडीच्या ऐन मध्यावर खांद्यावर घेण्यासाठी लाकडी जू बसविलेले असते. मधले आसन त्या जवाच्या आड येत असेल, तर ते सहज काढता-घालता आले पाहिजे. नाहीतर प्रत्येक पोर्टेजवर पाने, स्क्रू आणि डास यांच्याशी झुंज. होडी मध्यावर सर्वांत रुंद असते, त्यामुळे मधल्याला पाण्यापर्यंत वल्हे न्यावयास अडचण पडते. आसन थोडे डावी-उजवीकडे सरकणारे असेल तर ती दूर होते. आणि मधल्याला वल्हे जरूर द्यावे. हात रिकामे असलेला माणूस काठ धरून बसतो, आणि काठ धरून बसणारा घाबरला की होडीही हलवितो. सामान असे लावावे की होडी पाण्यात पुढेमागे सारखी बसेल. पुढे भार झाला तर ती वळत नाही, मागे झाला तर वारा तिचे तोंड फिरवितो.

हे सारे इतक्या तपशिलाने सांगतो, याचे कारण तेथील पाणी. त्या तलावांवरील बर्फ एप्रिल-मे महिन्यांत वितळते. मे-जूनमध्ये वर ऊन प्रसन्न असते, पाणी मात्र प्राणघातक थंड. मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीझब्रेख्त यांनी या विषयावर संशोधन केले आहे. अतिथंड पाण्यासाठी त्यांचा सांगण्याचा ठोकताळा 'एक-दहा-एक' म्हणून प्रसिद्ध आहे. पाण्यात पडल्यावर धाप आवरण्यास एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती सुमारे दहा मिनिटे, आणि शुद्ध हरपेपर्यंत सुमारे एक तास. दहा मिनिटांनंतर उत्तम पोहणाराही पोहू शकत नाही. आपण लहानपणी विहिरीत सूर मारले असतील, त्याचा येथे उपयोग नाही. लाइफ जॅकेट होडीत ठेवून भागत नाही, ते अंगात, बंद लावून, हवे. खांद्याशी धरून कोणी वर ओढले तर ते कानापर्यंत सरकता कामा नये. मोठा तलाव सकाळी लवकर, वारा पडलेला असताना ओलांडावा, आणि शक्यतो काठाकाठाने जावे.

या सर्वांचा विचार करताना मला रामायणातील एक प्रसंग आठवला. तिघांनी अरण्यात जाण्याची कथा आपल्या देशाला नवी नाही. गंगा ओलांडताना गुहाने नाव दिली. पुढे यमुना ओलांडावयाची वेळ आली तेव्हा नावही नव्हती, नावाडीही नव्हता. राम-लक्ष्मणांनी वाळलेली लाकडे आणि बांबू बांधून तराफा केला, आणि वाल्मीकी सांगतात की, लक्ष्मणाने वेताच्या व जांभळीच्या फांद्या तोडून त्यावर सीतेसाठी सुखाचे आसन तयार केले. दोघे धनुर्धर, घाईत, परक्या प्रदेशात. तरी तिसऱ्या माणसाच्या आसनाची व्यवस्था झाल्यावरच तराफा पाण्यात गेला. होडी निवडण्याचे यापेक्षा उत्तम शास्त्र मला अद्याप कोठे आढळले नाही.

मुले प्रेमाने नेतात म्हणून आपण संकोचाने गप्प बसतो. "मला कोठेही चालेल" असे म्हणणे हा आपल्या पिढीचा शिष्टाचार. घरात तो शोभतो. होडीत शोभत नाही. मी कोठे बसणार, माझे पाय कोठे राहणार, माझ्या हाती वल्हे असेल का, आणि ही होडी तुम्हा दोघांपैकी कोणालाही एकट्याने उचलता येईल का, हे प्रश्न आपण मोकळेपणाने विचारले पाहिजेत. काठाजवळच्या उथळ पाण्यात सारे सामान भरून, तिघांनी बसून, अर्धा तास होडी फिरवून पाहण्याचा आग्रह धरला पाहिजे. उत्तरे समाधानकारक नसतील, तर "या खेपेस तुम्ही दोघे जा, मी काठावर चहा करून ठेवतो" असे म्हणण्यातही कमीपणा नाही.

आम्ही चार रात्री त्या अरण्यात राहिलो. सात पोर्टेज केली. त्यांपैकी दोन ठिकाणी होडी मुलीच्या खांद्यावर होती, आणि मी मागून पिशवी घेऊन चालत होतो. लहानपणी तिला खांद्यावर बसवून मी जत्रेत फिरविले होते. आता वीस फुटांची होडी लीलया डोक्यावर पेलून ती मला झाडीतून वाट दाखवीत होती. वजन काट्यावर बावीस किलो होते. ते चोवीस असते तर तिने ती उचलली असती की नाही, सांगता येत नाही. म्हणून म्हणतो, दुकानात वजनाचा काटा असेल तर होडी त्यावर ठेवून पाहा. किंमत त्यानंतर विचारा.